दुतोंड्याच्या कमरेला

"किती पाणी आहे?" विचारलं तर
भांडीबाजारात कुणी फुटात सांगत नाही.
"मारुतीच्या गुडघ्याला," म्हणतात,
किंवा "कमरेला लागतंय,"
आणि त्या 'लागतंय'मध्ये
लागलेलंही असतं, न लागलेलंही.

माझ्या वहीत ते शून्य पॉइंट सहा.
गुडघा पुरता सुटलेला नाही,
कमर पुरती धरलेली नाही,
एकच पाणी दोन्हीकडे थोडं थोडं हजर.
फजी लॉजिक शिकायला
मी पुण्यात दोन वर्षं फी भरली.
निवृत्तीकाका तांबट तेच
पितळी पातेल्यावर टिचकी मारत
फुकट बोलतात.

त्यांचे नियम उतरवून घेतले, सव्वीस:
गुडघ्याला असेल आणि धरणातून सोडणं वाढतंय
तर खालची फळी रिकामी.
कमरेला असेल आणि पाणी जरा घाईत
तर घंगाळं माळ्यावर.
छातीला, तर वजनकाटा आधी,
मग घरी फोन.
"जरा घाईत म्हणजे किती, काका?"
"म्हणजे जरा."
मी 'जरा'चा एक उतार काढला,
पेन्सिलीने, खोडता येईल असा.

मग जाळं विणलं, तीन थरांचं.
त्यात एकोणीस वर्षांचे क्युसेक ओतले
आणि काकांच्या चोपडीतल्या त्या तारखा
जिथे विक्रीच्या रकान्यात
नुसतं 'पाणी' लिहिलंय.
जाळं अंदाज करतं, चुकतं,
चूक थराथरातून मागे पाठवतं,
ज्याला त्याला त्याच्या वाट्याची,
आणि माझे पेन्सिलीचे उतार
केसभर सरकतात.
तेव्हा दुतोंड्याच आठवतो:
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे,
एक गेलेल्या.

शनिवारी रात्री, अंबडच्या ऑफिसात,
दोनशे नियमपुस्तकं एकमेकांत सोडली.
ज्यांनी दुकान बुडवलं, ती मेली.
ज्यांनी कोरड्या दिवशी हंडे माळ्यावर चढवले
तीही मेली. काकांचे गुडघे
मी हिशोबात धरले होते.
उरलेल्यांची लग्नं लागली:
अर्धा नियम याचा, अर्धा तिचा,
मधूनच एखादा आकडा वेडावाकडा जन्मलेला.
तीन कप चहात एकशे चाळीस पिढ्या.
इतक्या मरणांवर
एक दिवसाचं सुतक नाही.

पहाटे एक उरलं, बारा नियमांचं.
त्यातली कमर
काकांच्या कमरेपेक्षा चार बोटं खाली.
कुठल्याशा पिढीत एक आकडा घसरला होता
आणि घसरलेल्याचाच वंश टिकला.

भीतभीतच सांगायला गेले.
काका हसले नाहीत, रागावले नाहीत.
"ती कमर मी तिशीत ठरवलेली," म्हणाले,
"तेव्हा सगळं दुकान वर चढवायला
मला एक विडी पुरायची."
मांडीवर हात ठेवून थोडं थांबले.
"म्हणजे मारुती नाही गं खाली आला."

मग बारा नियम बोटांवर मोजले,
पुन्हा मोजले.
"वासाचा कुठाय?"
तेविसावा: पाण्याला कच्च्या मातीचा वास आला
तर बाकी काही न बघता उचला.
"तो मेला, काका. नवव्या पिढीत.
पुलाखालच्या सेन्सरला नाक नाही."

पातेलं हातात तसंच.
समोर गोदा घोट्याएवढी,
मारुतीच्या पायाशी कुणीतरी
धुतलेली सतरंजी वाळत घातलेली.
"मेला म्हणजे," काकांनी विचारलं,
"किती मेला?"

मी वही उघडली
आणि पेन्सिलीला टोक काढत बसले.